'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांच्या आड

राज्यातील कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी, तहसील कचेरीच्या आवारात किंवा महा ई-सेवा केंद्राच्या दारात, गेल्या दहा-बारा वर्षांत एक वाक्य रूढ झाले आहे : 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' पूर्वी 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे वाक्य जे काम करीत असे, तेच आता हे वाक्य करते. फरक इतकाच, की दौऱ्यावर गेलेले साहेब कोण हे नागरिकाला ठाऊक असे आणि ते कधी परतणार हे विचारण्याची सोय असे. सर्व्हर कोठे आहे, कोणाच्या देखरेखीखाली आहे आणि त्याला नेमके काय झाले आहे, या प्रश्नांची उत्तरे खिडकीपलीकडे बसलेल्या कर्मचाऱ्याकडेही नसतात. तोही हताश आणि समोरचाही हताश.

श्रीरामपूरसारख्या ऊस, बाजार समिती आणि सहकार यांवर उभ्या असलेल्या तालुक्यात या वाक्याची किंमत मोठी आहे. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची मदत, अनुदान यांपैकी प्रत्येक गोष्ट आज कोणत्या ना कोणत्या डेटाबेसमधील एका ओळीवर अवलंबून असते. ती ओळ सापडली नाही किंवा दुसऱ्या डेटाबेसमधील ओळीशी जुळली नाही, तर शेतकरी बांधावर उभा असूनही शासनाच्या लेखी तो नसतो. साहजिकच हा विषय आता केवळ संगणकतज्ज्ञांच्या चर्चेचा राहिलेला नाही.

थोडे खोलात गेले, तर 'सर्व्हर डाऊन' या एकाच लेबलाखाली तीन निरनिराळे आजार दडलेले दिसतात. पहिला, यंत्रणेची क्षमता आणि रचना अपुरी असणे. दुसरा, निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकींशी न जुळणे. तिसरा, जुनी आणि नवी आवृत्ती यांचा मेळ न बसणे. तिन्ही आजारांवरचे औषध वेगळे आहे. परंतु निदानच होत नसल्यामुळे तिन्हींवर 'उद्या या' ही एकच पुडी दिली जाते. बरे, जो आजार उद्या आपोआप बरा होणाराच नसतो, त्याच्यासाठीही हीच पुडी!

एक गाव, अनेक नावे

नोंदी जुळत नाहीत म्हणजे काय होते, हे समजून घेण्यास श्रीरामपूरइतके उत्तम उदाहरण शोधून सापडणार नाही. दौंड-मनमाड लोहमार्गावरील या शहराचे रेल्वे स्थानक आजही 'बेलापूर' या नावाने ओळखले जाते. रेल्वेच्या नोंदीत त्याचा संकेत बीएपी असा आहे. वास्तविक बेलापूर हे गाव काही किलोमीटर अंतरावर, प्रवरेच्या काठी आहे. टपाल खात्याच्या लेखी हे शहर म्हणजे ४१३७०९, तर परिवहन खात्याच्या लेखी ते एमएच-१७. जिल्ह्याचा वाहन क्रमांक एमएच-१६ असताना उत्तर भागासाठी श्रीरामपूरला स्वतंत्र कार्यालय आहे. शिवाय मुंबईकरांना बेलापूर म्हटले की नवी मुंबई आठवते आणि बंगालमध्ये हुगळीच्या काठी दुसरे श्रीरामपूर आहेच.

माणसाला या गोष्टीचा त्रास होत नाही. श्रीरामपूरला जायचे तर बेलापूर स्थानकावर उतरायचे, हे प्रवासी शेजाऱ्याला विचारून शिकतो. डेटाबेसला शेजारी नसतो. रेल्वेचा तक्ता आणि महसुलाचा तक्ता गावाच्या नावावरून जोडायला कोणी सांगितले, तर संगणक निर्विकारपणे 'जुळणारी नोंद नाही' असे उत्तर देईल. म्हणूनच डेटाबेसशास्त्राचा पहिला धडा असा, की जोडणी नावावरून करू नये, कायमस्वरूपी संकेतांकावरून करावी. नाव बदलते, लिहिण्याची पद्धत बदलते, पण संकेतांक तोच राहतो.

हा धडा किती व्यवहार्य आहे याचा प्रत्यय जिल्ह्याच्या नामांतरात येतो. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५२२ होता. केंद्राच्या स्थानिक प्रशासन निर्देशिकेत तो ४६६ आहे. ज्या प्रणालींनी हे संकेतांक धरून नोंदी ठेवल्या, त्यांना एका तक्त्यातील एका ओळीत नाव बदलले की काम संपते. ज्यांनी प्रत्येक अर्जात, प्रत्येक दाखल्यात जिल्ह्याचे नाव अक्षरांत कोरून ठेवले, त्यांच्यासाठी जुना अर्ज एका जिल्ह्यातला आणि नवा दुसऱ्या जिल्ह्यातला ठरण्याचा धोका उरतो. श्रीरामपूर मुख्यालय करून जिल्ह्याचे विभाजन करावे, ही मागणी तर जुनीच आहे. तिचे काय व्हायचे ते होवो, परंतु अशा प्रत्येक राजकीय निर्णयामागे हजारो तक्त्यांचे भवितव्य असते, याचा विचार निर्णयाच्या दिवशी क्वचितच होतो.

'शेतकऱ्यांना' हा शब्द आणि संगणक

नावांचे दुखणे गावापुरते नाही. ते माणसाच्या नावात आणि थेट अक्षरांत शिरलेले आहे. कृषी प्रशासनात सर्वाधिक वापरला जाणारा शब्द कोणता, तर 'शेतकऱ्यांना'. या शब्दातील अर्धा, आडवा र संगणकात किमान दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात त्यासाठी युनिकोडमधील स्वतंत्र अक्षर वापरले जाते. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असा क्रम असतो. छापून पाहिले तर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. आता गोऱ्हे, वऱ्हाडे अशा आडनावांचा किंवा कऱ्हाड, नऱ्हे अशा गावांचा विचार करावा. सातबारावरील नोंद एका प्रकारे आणि बँकेची दुसऱ्या प्रकारे झाली असेल, तर शोध घेतल्यावर नाव सापडत नाही. कर्मचाऱ्याला पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसत असल्याने चूक कोठे आहे हे तो सांगू शकत नाही. मग प्रणालीत काही तरी बिघाड आहे, असे म्हणून तो हात वर करतो.

'ॲ' या अक्षराची कथाही अशीच आहे. युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये, त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी भरलेल्या माहितीत ते 'अ' आणि वरचा चंद्र अशा दोन तुकड्यांत आहे. त्याहून जुन्या काळात, नव्वदीच्या दशकात व त्यानंतरही, अनेक कार्यालयांत मराठी टंकलेखन विशिष्ट फॉन्टवर आधारलेले होते. तो फॉन्ट असलेल्या यंत्रावरच मजकूर वाचता येई. ती माहिती युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक जोडाक्षराची परीक्षा झाली.

खुद्द डेटाबेसची मांडणी चुकली, तर याहून मोठा घोळ होतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या बहुप्रचलित प्रणालीत मजकुराचा रकाना युनिकोडपूर्व प्रकारचा ठेवला, तर त्यात मराठी अक्षरे बसत नाहीत. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते आणि मूळ अक्षरे कायमची नष्ट होतात. याचे कारण असे, की देवनागरीसाठी त्या जुन्या पद्धतीचा अक्षरसंचच नव्हता. २०१९ च्या आवृत्तीत या प्रकारच्या रकान्यांसाठीही युनिकोडची सोय झाली, परंतु ती मुद्दाम निवडावी लागते. मायएसक्यूएल या दुसऱ्या लोकप्रिय प्रणालीतही २०१८ मधील ८.० या आवृत्तीपर्यंत मूळ मांडणी पश्चिम युरोपीय लिपीची होती. ती न बदलता मराठी भरली, की अहवालात अक्षरांऐवजी अगम्य खुणा दिसतात. ही मांडणी बसवतानाच करायची गोष्ट आहे. ती न केल्याची शिक्षा मात्र वर्षानुवर्षे नोंदी तपासत बसणाऱ्यांना होते.

आकड्यांची वेगळीच गंमत. गट क्रमांक अक्षर म्हणून साठवला, तर यादीत एकनंतर दोन येत नाही. १, १०, १००, मग २ असा क्रम लागतो. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक यांची सरमिसळ झाली, तर एकच गट दोन ठिकाणी दिसतो. क्षेत्राचे तर विचारूच नये. १ हेक्टर ५ आर हे क्षेत्र १.०५ असे लिहायचे असते. एखाद्याने ते १.५ असे भरले, तर कागदावर ४५ आर, म्हणजे एक एकराहूनही थोडी अधिक जमीन, आपोआप निर्माण होते. एकर-गुंठ्यांच्या जुन्या नोंदी हेक्टर-आरमध्ये आणताना होणारी काटछाट वेगळीच. गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांत मेळ बसत नाही, या तक्रारीचा उगम अशा ठिकाणी असतो.

सातबारा ते शेतकरी ओळख क्रमांक

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील ८ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. २००८ मध्ये तिला राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाचे व्यापक रूप मिळाले. ई-फेरफार प्रणाली आली, हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा ताडून पाहण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांना मिळू लागला. हे यश लहान नाही. तलाठ्यांनी, ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम मिळाले आहे, या कामासाठी रात्री जागवल्या. वेग मंद असल्याची त्यांची तक्रार सुरुवातीपासून होती आणि ती खोटी नव्हती.

तथापि हस्तलिखितातील चूक संगणकात आली, की ती अधिक पक्की होते, हेही याच काळात दिसून आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. पण त्यासाठी चूक कोणाची हे न पाहता अर्ज खातेदारालाच करावा लागतो. श्रीरामपूर तालुक्यात खासगी साखर कारखान्याकडून शेती महामंडळाकडे गेलेल्या आणि पुढे खंडकऱ्यांना वाटप झालेल्या जमिनी आहेत. अशा जमिनींच्या नोंदींवर फेरफारांचे थर चढलेले असतात. जिथे थर अधिक, तिथे न जुळण्याची शक्यताही अधिक.

यात सर्वाधिक कुचंबणा होते ती स्त्रियांची. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. सातबारावर तिचे नाव माहेरच्या आडनावाने लागते, आधारकार्डावर ते सासरचे असते आणि बँकेच्या खात्यावर कधी तिसरेच. कायद्याने दिलेला हक्क डेटाबेसच्या जुळणीत अडकून पडतो. पुरुषांतही सोसायटीच्या खतावणीत 'बाळासाहेब' आणि आधारवर 'भाऊसाहेब' असले प्रकार नवे नाहीत. २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. आधार आणि सातबारा यांची गाठ घालणे हाच त्याचा गाभा असल्याने, हे जुने अंतर आता एकदम उघडे पडले आहे. सामाईक खात्यात प्रत्येकाचा हिस्सा स्पष्ट नसेल, तर ही गाठ आणखी अवघड होते.

दोन कर्जमाफ्या, दोन रचना

नोंदींची जुळणी कोणी करायची, या प्रश्नाचे उत्तर योजनेचे यशापयश कसे ठरवते, हे महाराष्ट्राने दोनदा अनुभवले आहे. २४ जून २०१७ रोजी राज्य शासनाने ३४ हजार २२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. लाभार्थी ८९ लाख शेतकरी असतील, असे सांगण्यात आले. शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकांनी आपली माहिती स्वतंत्रपणे भरायची आणि संगणकाने दोन्ही जुळवायच्या, अशी रचना होती. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर मात्र एकच आधार क्रमांक अनेकांच्या नावे असणे, खाते क्रमांक न जुळणे, बँकेची माहिती अपुरी असणे असे दोष बाहेर आले आणि याद्या पुन्हा पुन्हा तपासाव्या लागल्या. त्या काळी गावपातळीवरील अनेक सोसायट्यांचे हिशेब कागदी खतावण्यांतच होते, ही गोष्ट रचनाकारांनी पुरेशी ध्यानात घेतली नव्हती.

२७ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने आलेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत रचना बदलली. शेतकऱ्याने अर्ज करायचा नाही, बँकांनी थकीत खात्यांची माहिती आधी द्यायची, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक द्यायचा, यादी गावात लावायची आणि शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधारद्वारे फक्त खातरजमा करायची, असा क्रम ठरला. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली ती ६८ गावांची आणि १५ हजार ३५८ खात्यांची, म्हणजे दर जिल्ह्यातून निवडक गावांचीच. नगर जिल्ह्यातून श्रीरामपूरच्या शेजारच्या राहुरी तालुक्यातील ब्राह्मणी आणि नगर तालुक्यातील जखणगाव ही गावे त्यात होती. आधी थोड्या गावांत करून पाहायचे, चुका दिसल्या की दुरुस्त करायच्या, मग राज्यभर जायचे. संगणकशास्त्रात याला चाचणी म्हणतात. आपल्याकडे बियाणे सर्व रानात पेरण्याआधी उगवण तपासतात, तोच हा शहाणपणा. ही योजना निर्दोष होती असे नाही, पण जुळणीचा भार नागरिकाच्या खांद्यावरून संस्थांकडे सरकवल्याने गोंधळ बराच आटोक्यात राहिला, हे मान्य करावे लागेल.

या धड्याचा पुढचा भाग म्हणजे सोसायट्यांचे संगणकीकरण. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी २ हजार ५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सोसायटी, जिल्हा बँक आणि नाबार्ड एका समान प्रणालीत यावेत, हा तिचा हेतू आहे. परंतु जुन्या खतावणीतील नावे आहेत तशी नव्या यंत्रात ओतली, तर यंत्र नवे आणि दुखणे जुने अशी अवस्था होईल.

अहवालांचा भार, शेवटच्या दिवसाची गर्दी

आता पहिल्या आजाराकडे, म्हणजे खरोखर बंद पडणाऱ्या सर्व्हरकडे वळू. सर्व्हर बंद पडला म्हणजे यंत्र जळाले असे बहुधा नसते. डेटाबेस एका वेळी किती जोडण्या स्वीकारील, किती स्मृती वापरील, किती वेळ वाट पाहून विनंती फेटाळील, हे सारे आधी ठरवून ठेवलेले असते. ही मर्यादा सरासरी दिवसाच्या हिशेबाने ठरवली, तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती कोलमडणार हे निश्चित. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत हंगामामागून हंगाम मुदतवाढ द्यावी लागली. २०२४ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना, दिवसा यंत्रणा चालत नाही म्हणून अनेक ठिकाणी रात्री उशिरापर्यंत जागून अर्ज भरले गेले. गर्दी होणार हे ज्या योजनेच्या घोषणेतच स्पष्ट असते, तिथे गर्दीला कारण म्हणून पुढे करता येत नाही.

दुसरे कारण कमी ओळखीचे, पण तितकेच महत्त्वाचे आहे. ते म्हणजे अहवाल. मंडळनिहाय, तालुकानिहाय, जिल्हानिहाय किती नोंदी झाल्या, किती प्रलंबित, याचे तक्ते वरिष्ठांना रोज हवे असतात. असा तक्ता काढताना संगणक लाखो ओळी चाळतो. हे काम नोंदी भरल्या जात असलेल्या मूळ डेटाबेसवरच झाले, तर खाली एखाद्या सज्ज्यातील कर्मचाऱ्याने भरलेली नोंद 'जतन होत आहे' या संदेशावर अडकून पडते. म्हणजे काम किती झाले हे विचारण्यानेच काम थांबते! उपाय सर्वज्ञात आहे. अहवालांसाठी डेटाबेसची वेगळी प्रत ठेवावी, ती ठरावीक वेळाने अद्ययावत करावी आणि मूळ प्रतीला हात लावू नये. दुकानदारही गिऱ्हाइकांच्या गर्दीत वर्षाचा ताळेबंद मांडत बसत नाही.

अहवालाचा आणखी एक धोका आहे. 'प्रलंबित प्रकरणे शून्य' असा तक्ता दिसला, की समाधान मानले जाते. पण त्रुटीसाठी परत पाठवलेला अर्ज कोठे मोजला गेला? न जुळल्यामुळे फेटाळलेला कोठे? आणि सर्व्हर बंद असल्यामुळे जो दाखलच झाला नाही, तो तर कोणत्याच रकान्यात नसतो. जे मोजले जात नाही, त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

आवृत्तीचा प्रश्न

तिसरा आजार आवृत्त्यांचा. प्रत्येक डेटाबेस प्रणालीला आयुष्य असते. एसक्यूएल सर्व्हरच्या २००८ च्या आवृत्तीचा निर्मात्याकडून मिळणारा विस्तारित आधार जुलै २०१९ मध्ये संपला, २०१२ च्या आवृत्तीचा जुलै २०२२ मध्ये आणि २०१४ च्या आवृत्तीचा जुलै २०२४ मध्ये. त्यानंतर नियमित सुरक्षा दुरुस्त्या येणे थांबते. या तारखा कित्येक वर्षे आधी जाहीर असतात. तरीही अनेक संस्थांत स्थलांतर शेवटच्या क्षणी होते. आणि एक गोष्ट तर हमखास विसरली जाते : या प्रणालीत नव्या आवृत्तीवर घेतलेली राखीव प्रत जुन्या आवृत्तीवर परत उतरवता येत नाही. म्हणजे पुढे जाण्याचा रस्ता आहे, मागे फिरण्याचा नाही. यासाठीच जुन्या पद्धतीने वागण्याची मुभा देणारी सुसंगतता पातळी नव्या आवृत्तीत ठेवलेली असते. ती आधी जुनीच ठेवून, अहवाल व प्रश्नांचा वेग पाहून, मग हळूहळू वाढवायची असते. घाईत हे टाळले, की काल दहा सेकंदांत निघणारा अहवाल आज दहा मिनिटे घेऊ लागतो आणि पुन्हा तेच दोन शब्द ऐकू येतात.

शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलचेही तेच. ई-पीक पाहणीच्या ॲपची आवृत्ती बदलते, जुने काढून नवे घ्यावे लागते आणि जुना फोन असलेला शेतकरी शेजाऱ्याच्या मुलाची वाट पाहत बसतो. नवी आवृत्ती आणणाऱ्याने जुनी किती काळ चालू ठेवायची, याला काही नियम असायला हवा.

स्थलांतर फसले तर काय होते, हे ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये जगाला दाखवले. सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर नेण्यात आली. माहिती व्यवस्थित पोहोचली, परंतु ती हाताळणारी यंत्रणा लगेच कोलमडली आणि परिस्थिती पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की २०२३ मध्ये बँकेच्या तत्कालीन माहिती अधिकाऱ्यालाही व्यक्तिशः दंड झाला. आपल्याकडेही डिसेंबर २०२० मध्ये, सेवा वारंवार खंडित झाल्यामुळे, रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली होती. ती पूर्णपणे उठण्यास मार्च २०२२ उजाडला. खासगी बँकेचा सर्व्हर बंद पडला तर जाब विचारणारा कोणी तरी आहे. सातबाऱ्याचा सर्व्हर बंद पडला तर कोण आहे?

घड्याळ सुरू कधी होते?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये शोधावे लागते. अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा या कायद्याने नागरिकाचा हक्क आहे. विलंब झाल्यास अपील करता येते, आयोगाकडे जाता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे. परंतु मुदतीचे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. सर्व्हर बंद असल्याने अर्जच दाखल झाला नाही, तर घड्याळही सुरू होत नाही. नागरिक चार वेळा येऊन गेला, याची नोंद त्याच्या बसच्या तिकिटाखेरीज कोठेही राहत नाही. दुसरीकडे योजनेची अंतिम तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही. मुदतवाढ मिळाली तर ती कृपा म्हणून मिळते.

हे बदलण्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. यंत्रणा बंद असताना आलेल्या नागरिकाला हस्तलिखित पोच मिळावी आणि मुदत त्या तारखेपासून मोजावी. प्रत्येक प्रणाली किती तास बंद होती हे दर महिन्याला जाहीर व्हावे आणि अंतिम तारीख तितक्याच काळाने आपोआप पुढे जावी. अर्ज फेटाळला, तर 'माहिती जुळत नाही' एवढ्यावर न थांबता कोणत्या दोन नोंदींतील कोणता रकाना जुळला नाही, हे कागदावर छापून द्यावे. दोन शासकीय नोंदींतील तफावत दूर करण्याचे काम शासनाच्याच दोन कार्यालयांनी करावे, नागरिकाला निरोप्या बनवू नये. मराठी अक्षरे साठवण्याची एकच प्रमाण पद्धत ठरवून ती सर्व खात्यांना बंधनकारक करावी आणि जुन्या नोंदी एकदाच त्या पद्धतीत आणाव्यात. नवी आवृत्ती आधी एका तालुक्यात चालवून पाहावी. श्रीरामपूरच का असेना! ज्या शहराचे स्थानकाचे नाव वेगळे, गावाचे वेगळे आणि वाहन क्रमांक जिल्ह्याहून वेगळा, तिथे जी प्रणाली टिकेल ती राज्यात कोठेही टिकेल.

संगणकीकरणाने नागरिकाला खूप काही दिले आहे. घरबसल्या सातबारा मिळण्याची सोय ज्यांनी तलाठ्याच्या दारात दिवस घालवले त्यांनाच समजते. म्हणून मागे फिरण्याचा प्रश्न नाही. कागदी दप्तराच्या काळात निदान दप्तर कोणाच्या ताब्यात आहे हे ठाऊक असे आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावर असे. सर्व्हरलाही असा एक नामनिर्देशित दप्तरदार हवा. बिघाड होणारच, यंत्र आहे तिथे तो टळत नाही. पण बिघाडाचे नाव सांगणारा, वेळ सांगणारा आणि त्याबद्दल उत्तर देणारा कोणी असणे, हे कोणत्याही यंत्राच्या क्षमतेबाहेरचे आणि कोणत्याही शासनाच्या आवाक्यातले आहे.